बंदुकीविना पारध

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघालं की कणकुंबीच्या आसपास रान दाट होत जातं. मलप्रभेचा उगम इथलाच. या भागातल्या घरांत अजून पारधीच्या गोष्टी निघतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यातही सुरुवातीला 'लहान शिकारी'चा परवाना मिळायचा. 1991 च्या दुरुस्तीने तो बंद झाला.

माझ्या मित्राच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. बंदूक गेली, पण आजोबांनी शिकवलेलं मित्राला पाठ आहे. जानेवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही त्याच्या शेतामागच्या रानात गेलो, हातात फक्त बॅटरी.

"आधी वारा बघ की," तो म्हणाला. वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे आपला वास सावजाकडे जात नाही. वाळक्या पानांवर नाही, दगडावर पाय ठेवायचा. बांबूच्या बेटाशी आम्ही अर्धा तास गप्प बसलो. सूर्य टेकला तसा रानकोंबडा बांधावर आला, मागे दोन कोंबड्या. सांडलेलं भात टिपता टिपता त्याच्या मानेवरचे पिवळट ठिपके चमकत होते. मग एकदा मोठ्याने आरवून तिघंही फडफडत झाडावर रात्रीच्या मुक्कामाला गेली.

परतताना गवतात सशाची वाट दिसली, जवळच गोल कोरड्या लेंड्या. दहा पावलांवर मित्र थांबला. त्या वाटेवर मोटरसायकलच्या क्लच-केबलचा फासा होता. डुकरासाठी लावलेला असावा, पण फासा काही निवड करत नाही; त्यात ससा अडकतो, तसा बिबट्याही.

"कुणाचा असेल?" मी विचारलं.

"गाठ ओळखीची हाय," एवढंच तो बोलला. त्याने फासा सोडवला आणि तार गुंडाळून खिशात घातली.

वाटेत तो सांगत होता, त्या शेजाऱ्याचं निम्मं भात यंदा डुकरांनी लोळवलं. सकाळी त्याच्याकडे जायचं, पण भांडायला नाही. वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. तो भरायला त्याला कुणीतरी मदत करायला हवी. अर्ज ऑनलाइन असेल तर ते काम माझं, असं ठरलं.

आजोबांची विद्या अशीही उपयोगी पडते. सशाची वाट ज्याला दिसते, त्यालाच त्यावरचा फासाही दिसतो. आपल्या मुलांना गावी नेलं की एक संध्याकाळ अशा जाणत्या माणसाबरोबर रानाच्या कडेला बसवावं.