आईची दुनळी

उजनीच्या फुगवट्याचं पाणी आमच्या शिवारात चढलं आणि गाव मोडलं. बुडालं नाही, पांगलं. धरण 1980 साली पुरं झालं, त्यानंतर पाइपलाइनी आल्या, पाइपलाइनींमागून ऊस आला, उसामागून पैसा आला, आणि पैशाची राखण करायला माणसं गावठाण सोडून वस्तीवर राहायला गेली. गावात दाराला दार होतं. एकानं खाकरलं तर दुसरा विचारायचा, "काय रं, जागाच का?" वस्तीवर शेजारचं दार म्हणजे तीन फडांपलीकडं. मध्ये पुरुष-दीड पुरुष उंच ऊस, वर्षभर उभा. त्यात दहा माणसं बसली तरी बांधावरून जाणाऱ्याला पत्ता लागत नाही.

1989 च्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला. म्हाताऱ्याचं डोकं फोडलं. म्हातारीच्या कानातली फुलं काढत बसायला चोरांना वेळ नव्हता, ओढली. ती मावशी पुढं जन्मभर पदर कानावरून घेऊन वावरली. त्या आठवड्यात आमच्याकडं हत्याराचा विषय निघाला.

अण्णांच्या मनात रिव्हॉल्व्हर होतं. तालुक्याच्या दोन-तीन बागायतदारांच्या कमरेला त्यांनी ते पाहिलं होतं. मामांनी, म्हणजे अण्णांच्या मामांनी, विषय हातात घेतला. ते फौजेतून सुभेदार होऊन आलेले; आम्ही पोरंही त्यांना मामाच म्हणायचो. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की आवडीला इथं फार जागा नाही. .38, 9 मिलिमीटर, .303 ही पोलिसांची आणि फौजेची बोअरं, तुमच्या-आमच्यासारख्याला मनाई. मग रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर .32. परदेशी हत्यारांची आयात सरकारनं त्याच दशकात बंद केलेली, त्यामुळं दुकानदाराकडं असायचं ते कुणाच्या तरी आजोबांचं विलायती, आणि भाव सोन्याचा. .32 म्हणजे नळीचं तोंड इंचाच्या शंभरातले बत्तीस भाग, आठ मिलिमीटर धरा. बाराबोरचा हिशेब वेगळाच: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी, तेवढं तोंड. मामांनी हे सांगून करंगळी आणि अंगठा शेजारी धरून दाखवले. आम्हा पोरांना शाळेतल्या कुठल्याही भूमितीपेक्षा ते जास्त समजलं.

"पण हातात काय मावतंय, त्यो प्रश्न न्हाय," मामा म्हणाले. "अंधारात, झोपेतून उठून, हात कापत असताना काय लागतंय, त्यो प्रश्न हाय. रिवॉल्वरची नळी चार बोटांची. दहा पावलांवरचा माणूस दिवसा चुकतोय, रात्रीचं काय? सराव पायजे. आन् काडतुसं लायसनवर मोजून मिळत्यात."

रायफलीचाही विचार झाला. आमच्या भागात .315 ची एक-दोन होती. मामांनी ती एका वाक्यात मोडीत काढली: तिची गोळी मैल-दीड मैल जाते, आणि आपल्याकडं लाइट रात्रीची येते, म्हणजे प्रत्येक शिवारात कुणी ना कुणी दारं धरत उभा असतो.

अण्णा तरीही रिव्हॉल्व्हरवरून हलत नव्हते. आठवड्यातले दोन-तीन दिवस ते बाहेर असत. कारखाना, बँक, सोलापूर. रात्रीच्या एसटीनं येताना खिशात पैसे असत. त्यांची भीती रस्त्यावरची होती आणि ती काही खोटी नव्हती. थोरली आई, म्हणजे आमची आजी, चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "अरं, तू सोलापूरला गेलास की ते तुझ्या कमरंला तुझ्यासंगं जाणार. वस्तीवर काय ऱ्हातंय? मी, ही सून आन् दोन लेकरं."

कुणी काही बोललं नाही. मग आईच म्हणाली, "आहो, लायसन माझ्या नावावर काढा."

आज हे लिहायला सोपं आहे. लायसन्स ज्याच्या नावावर, हत्यार त्याच्या ताब्यात; बायकोनं नवऱ्याची बंदूक सहज उचलावी असं कायदा मानत नाही, हे आईला मामांच्याच बोलण्यातून कळलं होतं. म्हणजे घरी राहणारं माणूस तीच असेल तर कागदावर नाव तिचंच हवं. हिशेब सरळ होता. पण चौकशीला आलेल्या जमादारानं तीनदा विचारलं, "बाईंच्या नावावर? नक्की?" आणि भावकीत तर महिनाभर करमणूक झाली. अण्णांना लोक विचारायचे, "आता वैनीला विचारून घरात शिरावं लागत आसंल?" अण्णा हसून सोडून द्यायचे. त्यांनी मनातलं रिव्हॉल्व्हर सोडलं होतं, त्यापुढं हे काहीच नव्हतं.

1959 च्या हत्यार कायद्यात एक गोष्ट आमच्या बाजूची होती. वीस इंचांहून आखूड नळी नसलेली, आतून गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी मागितली तर कायदा तिच्याकडं जरा मऊपणानं बघतो. रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला मात्र ते का हवं याचं सबळ कारण द्यावं लागतं. तरी हेलपाटे चुकले नाहीत. तलाठ्याचा दाखला, चारित्र्याचा जबाब, फोटो, मग सोलापुरात कलेक्टर कचेरीत हजेरी. आई इरकल नेसून गेली. 1990 च्या दिवाळीआधी लायसन्स हातात आलं आणि दुनळी घरात आली. दोन नळ्या शेजारी-शेजारी, वजन तीन किलोच्या आसपास, जुनी पण नळ्या आतून आरशासारख्या.

मग खरी निवड पुढंच होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. बाराबोर ठरली तरी तिच्यात घालायचं काय? दुकानदार एलजी आणि एसजी दाखवत होता. एलजीमध्ये वाटाण्याएवढ्या गोळ्या, बोटांवर मोजता येतील इतक्याच. रानडुकरासाठी लोक तेच नेत. बाकीच्या काडतुसांत बारीक छर्रे. अण्णा म्हणाले, एलजीच घेऊ, एकदा बसली म्हणजे बसली. आईनं विचारलं, "पत्र्यातून जाईल का?" दुकानदार अभिमानानं म्हणाला, "आरपार." "मग नको," आई म्हणाली. "पलीकडच्या शेडात तोडणीवाले निजत्यात. त्यांची पोरं आसत्यात." दुकानदारानं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी आईकडं पाहिलं. बारीक छर्र्यांचीच काडतुसं आली.

माळावर मामांनी आईला शिकवलं. दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट दाबून धर, गाल दस्त्याला लाव, चाप ओढू नको, पिळल्यासारखा दाब. "सूनबाई, सैल धरलीस तर गाढवासारखी लाथ मारंल." खताचं रिकामं पोतं बाभळीला अडकवलं होतं. पहिल्या बाराला आई दोन पावलं मागं गेली आणि पोतं तसंच राहिलं. तिसऱ्याला पोत्याची चाळण झाली. संध्याकाळी ती खांद्याला हळद लावून भाकरी थापत होती.

बंदूक घरात ठेवण्याची तिची रीत तिनंच ठरवली. बंदूक माजघरात उंच खुंट्यांवर, रिकामी. काडतुसं लाकडी फडताळात, किल्ली तिच्या कनवटीला. मामांना हे पटलं नव्हतं; वेळेला किल्ली शोधणार का, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणाली, "चोर वर्षातून एकदा यील. लेकरं रोज घरात हायेत." मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि खुंटीपर्यंत चढण्याचे दोन मार्ग मला माहीत होते. त्यामुळं या बाबतीत आईचं बरोबर होतं, हे मी खात्रीनं सांगू शकतो.

1991 च्या लोकसभेला हत्यारं जमा करायचा हुकूम आला. आईनं दुनळी गोधडीत गुंडाळून ठाण्यात दिली, पावती घेतली. मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली, राहिलेली मतदानं जूनवर गेली आणि बंदुकीचा मुक्कामही ठाण्यात लांबला. त्याच दिवसांत एका रात्री, लाइट गेलेली, अण्णा गावाला, कुत्री उसाच्या अंगाला तोंड करून भुंकायला लागली. भुंकणं जवळ-जवळ येत गेलं. मग मागच्या दाराला काहीतरी टेकवल्याचा आवाज झाला.

थोरल्या आईनं आम्हा दोघांना कणगीमागं ढकललं. आईनं फडताळ उघडलं. काडतुसं होती, पण ती काय फुंकून मारायची? त्यांच्याशेजारी ज्वारीवरची पाखरं हाकलायला आणलेले सुतळी बॉम्ब होते. तिनं खिडकी किलकिली केली, अण्णा घरात असल्यागत मोठ्यानं ओरडली, "आहो, मागल्या दाराला जावा, म्या हिकडनं बार काढते!" आणि एक पेटवून बाहेर टाकला. दहा आकडे मोजावेत एवढ्यानं दुसरा. दुनळीचे दोन बार जसे निघतात तसेच. तिसरा तिनं पेटवला नाही. दुनळीतून तिसरा निघत नसतो, भरायला वेळ लागतो, हे बाहेरच्यांनाही ठाऊक असणार.

सकाळी मागच्या दाराशी एक पहार पडलेली होती आणि चिखलात चार-पाच जणांची पावलं, उसाकडं पळत गेलेली. आण्णा आल्यावर म्हणाले, मग बंदुकीपेक्षा बॉम्बच स्वस्त पडला की. आईनं ते मानलं नाही. वर्षभर सगळ्या शिवारानं माळावरचे बार ऐकले होते, म्हणून त्या रात्रीचा आवाज खरा वाटला, असं तिचं म्हणणं. मला दोघांचंही पटतं, पण आईचं जरा जास्त.

आता माझ्या चुलतभावाकडं पिस्तूल आहे. लग्नात, जत्रेत शर्टाखालून ते दिसेल अशा बेतानं तो वावरतो. 2014 साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं .32 चं रिव्हॉल्व्हर काढलं, वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. तेव्हा तो आईला म्हणाला होता, "काकू, ती जड दुनळी देऊन टाका, हे पर्समध्ये मावतं."

"माझ्याकडं पर्स न्हाय," आई म्हणाली.

लायसन्सच्या नूतनीकरणाला तिला मीच घेऊन जातो. दर वेळी टेबलावरचा माणूस नवा असतो, तो माझ्याकडं बघून विचारतो, "शस्त्रधारक कोण?" आई चष्मा पुसते आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसते.