मी मारलेले किडे

आमच्या शाळेमागे परसबाग आहे. आमच्या वर्गाने तिथे चवळी लावली आहे. पाण्याची माझी पाळी मंगळवारी असते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर चवळीवर मावा पडला. मावा म्हणजे काळे, बारीक किडे. ते शेंड्याचा रस पितात. त्या माव्यात काही लांबट, काटेरी किडे फिरत होते. अंग काळे आणि त्यावर नारिंगी ठिपके. मला वाटले, हेच शेंगा खाणार. मी ते काडीने वेचून दगडावर ठेचले. मोजून २२ मारले आणि ऐटीत गुरुजींना सांगितले.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी उरलेला एक किडा बरणीत ठेवला आणि रोज माव्याचा शेंडा आत टाकायला सांगितला. तो किडा मावा मटामट खायचा. मग एक दिवस पानाला चिकटला, हलेचना. मला वाटले, मेला. पण पाचसहा दिवसांनी पाहतो तर बरणीत लाल ढालकिडा! पाठीवर सात काळे ठिपके. म्हणजे मी ढालकिड्याची पिल्लेच मारली होती. मला फार वाईट वाटले.

तोवर मावा खूप वाढला. मुंग्यांची रांग लागली. गुरुजी म्हणाले, "माव्याच्या अंगातून गोड रस निघतो. त्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात, ढालकिड्याला हाकलतात." एका जागी राहून असे एकमेकांवर जगणाऱ्या सगळ्या जिवांना मिळून जीवसमुदाय म्हणतात.

मग आम्ही दोरीचा १ मीटरचा चौकोन करून झाडे मोजली. आमच्या उसात तीनच जाती निघाल्या : ऊस, हरळी, लव्हाळा. बांधावर ११ निघाल्या. त्यांत आघाडा, एकदांडी, रुई होती. रुईवर पिवळा मावा होता आणि त्यावर पाच ढालकिडे! तो मावा चवळीवर जात नाही. पण चवळी नसते तेव्हा ढालकिड्यांना तो खायला मिळतो. जाती जास्त असल्या की असा आसरा होतो.

अण्णा तो बांध पेटवणार होते. मी रडतच सगळे सांगितले. अण्णा म्हणाले, "रुईनं का पोट भरतंय?" पण आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे की रं. बांधावर हाय, उसात न्हाई." अण्णांनी बांध पेटवला नाही. रुई ठेवली, बाकीचे गवत कापले.

मी ते पाच ढालकिडे चवळीवर आणून सोडले. दोन उडून गेले, तीन राहिले. यंदा शेंगा थोड्याच आल्या. वर्गाची चवळीची उसळ हुकली, ती माझ्यामुळे.

आता नवीन किडा दिसला की मी आधी बरणीत ठेवतो. तो काय खातो ते पाहतो. मगच ठरवतो.

पालकांनी जाताना बरणी जरूर पाहावी. ती खिडकीत ठेवली आहे.

– इयत्ता ४ थी