टपावरचा बोर्ड

चन्नरायपट्टण सोडलं की हासनपर्यंतचा रस्ता सरळसोट आहे. चार पदरी, मध्ये दुभाजक, आणि रविवारी सकाळी सातला जवळजवळ रिकामा. तिथे माझ्या गाडीच्या टपावरून नऊ फुटांचा सर्फबोर्ड उडाला.

'उडाला' हा शब्द मी विचार करून वापरतेय. पडला नाही. सूर्य मागे होता, त्यामुळे आधी बॉनेटवर बोर्डची सावली लांबताना दिसली. मग टपावर टक्क असा आवाज झाला, आणि मागच्या आरशात बघितलं तर तो हवेत उभा होता. एखादं दार चौकटीतून निघून रस्त्यावर उभं राहावं तसा. त्याच्या मागे एक मोटरसायकल होती. चालवणारा, मागे साडीतली बाई आणि पुढे टाकीवर बसलेलं चार-पाच वर्षांचं पोर.

बोर्ड त्यांच्या डाव्या हाताला आपटला. बाइक उजवीकडे वळली, हेलकावली, थोडी घसरली आणि थांबली. पडली नाही. मी गाडी कडेला घेऊन पळत मागे आले तेव्हा पोर रडत होतं आणि बाई त्याचं डोकं, हात, गुडघे चाचपून बघत होती. तो माणूस माझ्यावर ओरडेल, मारेलसुद्धा असं वाटलं होतं. त्याने बाइक स्टँडला लावली आणि बोर्डचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं. दोघांनी तो रस्त्यावरून बाजूला केला. मग तो म्हणाला, "नोडकोंडु होगी, मेडम." बघून जा. बेंगळुरूत तीन वर्षं राहून मला जेमतेम तेवढं कन्नड कळत होतं, आणि 'माफ करा'ला काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. मी नुसते हात जोडले. ते गेले.

आता कसा बांधला होता ते सांगते, कारण आधी मी ते कोणालाच धड सांगितलं नव्हतं. माझी सेकंडहँड वॅगन आर, तिला वर रेलिंग नाही. टपावर दुमडलेली सोलापुरी चादर. तिच्यावर बोर्ड सुलटा, नाक पुढे, कारण होडी अशीच असते. वरून दोन बंजी कॉर्ड, त्याच त्या टोकाला हूक असलेल्या लवचिक दोऱ्या, दाराच्या फटीत अडकवलेल्या. शिवाय किराणा दुकानातली नायलॉनची दोरी. आणि शेजारी बसलेला फ्लॅटमेट खिडकीतून हात बाहेर काढून बोर्डची कड धरून होता. हे शेवटचं तर सगळेच करतात. गादी नेताना, कपाट नेताना, पीओपीच्या शीट नेताना. हात धरला की आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

मी मेकॅनिकलची. कॅम्पसमध्ये आयटी कंपनीने उचललं, तेव्हापासून कोड लिहिते. पण फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर मी दिलेला आहे, त्यामुळे त्या रात्री झोप येईना तेव्हा कागद घेऊन बसले. ताशी पंचाण्णव किलोमीटरला समोरून येणारी हवा दर चौरस मीटरला चारशे न्यूटनच्या थोडा वर दाब देते. बोर्डचं क्षेत्रफळ साधारण सव्वा चौरस मीटर. यातला फक्त एक तृतीयांश जोर वरच्या दिशेने लागला असं धरलं, तरी सतरा किलो होतात. बोर्ड सात किलोंचा. म्हणजे मी निम्मा रस्ता एक पतंग उडवत होते आणि मांजा रबराचा होता. बंजीचा गुणच ताणण्याचा. नाक बोटभर उचललं की खाली जास्त हवा शिरते, जास्त हवा शिरली की नाक आणखी उचलतं, आणि रबर प्रत्येक वेळी समजूतदारपणे जागा करून देतं. त्यात शेजारून एक मोठी बस ओव्हरटेक करून गेली, तिच्या हवेचा झोत आला. फ्लॅटमेटच्या हाताने सतरा किलो रोखले गेले नाहीत ते बरंच झालं, नाहीतर हात गेला असता.

हे सगळं गणित मला आधी येत होतं. मी ते केलं नव्हतं, एवढंच.

पुढचे पाच महिने बोर्ड हॉलमध्ये सोफ्यामागे उभा होता. नाकाचा चुरा झालेला, एक फिन तुटलेली. मी दुरुस्त करून घेतला, पण टपावर चढवला नाही. मुल्कीला जायचं तर रात्रीच्या बसने जायचे आणि तिथे भाड्याचा बोर्ड घ्यायचे. मुल्की मंगळुरूच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर. शांभवी नदी तिथे समुद्राला मिळते, आणि पावसाळा सोडला तर लाटा शिकाऊ माणसाला सांभाळून घेतात. भाड्याच्या बोर्डवर काही बिघडत नाही. पण तो मोटरसायकलवाला मला हॉलमध्ये, सोफ्यामागे दिसायचा.

जानेवारीत मामेबहिणीच्या बाळंतपणासाठी मामा-मामी कणकवलीहून बेंगळुरूला आले. मामी बाळात रमली, मामा कंटाळला. एका शनिवारी माझ्याकडे आला आणि थेट सोफ्यामागे गेला.

"ह्यां काय गो? होडी काय?"

मामाने बावीस वर्षं चारशेसात टेम्पो चालवला. हंगामात देवगडहून वाशी मार्केटला हापूसच्या पेट्या, एरवी मिळेल ते. मी त्याला बोर्ड काय असतो ते सांगितलं. मौजेसाठी समुद्रात जाणं त्याला पटलं नाही, पण तो प्रश्न त्याने लगेच बाजूला ठेवला. "वजन किती?"

"सात किलो."

"मगे उडतलाच तो," मामा म्हणाला. मी अजून काही सांगितलं नव्हतं. "जड सामान आपल्या वजनान बसता. हलक्याक बांधूक लागता."

मग मी सांगितलं. सगळं, बंजीसकट. मामाने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या पोराक काय लागूक नाय मां?" नाही म्हटल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. "माझीय एक पेटी पडलेली. कशेडीत." मी म्हटलं, मग? मामा म्हणाला, "पट्टे खंय असत तुझे?"

त्या दिवशी पार्किंगमध्ये आम्ही तीन तास घालवले. मी दरम्यान इंटरनेटवर वाचून टपावर ठेवायचे फोमचे जाड पॅड आणि रॅचेटचे पट्टे आणून ठेवलेले होते. मामाला रॅचेट म्हणजे स्वर्ग. आयुष्यभर काथ्याच्या दोराला गज घालून पीळ भरलेला माणूस. कटकट करत पट्टा आवळत गेला आणि चौथ्या-पाचव्या कटला बोर्डमधून कर्र आवाज आला. उघडून बघितलं तर कडेला अंगठ्याएवढा खड्डा. आत फोम, वर काचतंतूंचं पातळ कवच. आंब्याच्या लाकडी पेटीसारखा तो दाब घेत नाही. मामा एवढा ओशाळला की मलाच वाईट वाटलं. मग साध्या बकलचे पट्टे मागवले. त्यांच्या बकलला आत दात असतात, पट्टा हाताने ओढायचा आणि सोडायचा, तो मागे सरकत नाही. हाताच्या जोराएवढाच ताण बसतो, आणि बोर्डला तेवढा पुरतो. बकलखाली रबराचा तुकडा हवा, नाहीतर धातू बोर्डला टोचतो.

बाकीचं बरंचसं मामाने मला माझ्याकडूनच वदवून घेतलं. तो प्रश्न विचारायचा, मी उत्तर शोधायचे. बोर्ड पालथा का? कारण नाकाचा बाक वर असतो. सुलटा ठेवला तर तो हवा ओंजळीत घेतल्यासारखी आत घेतो, पालथा ठेवला की टोक टपाकडे झुकतं. शिवाय वॅक्सची बाजू खाली जाते, उन्हात वितळून पसरत नाही. शेपूट पुढे का? म्हणजे फिन्स पुढच्या पट्ट्याच्या पुढे येतात. वारा बोर्डला मागे ढकलायला बघतो, तेव्हा त्या पट्ट्याला अडकतात. पट्टे किती लांब-लांब? जितके लांब टाकता येतील तितके. रेलिंग नसलेल्या गाडीत ते चारही दारं उघडून आतून फिरवायचे आणि मग दारं लावायची. खिडकीतून घेतले तर आपणच गाडीत कोंडले जातो. (पावसात याच पट्ट्यांवरून पाणी ओघळून मांडीवर येतं. त्यावर उपाय मला सापडलेला नाही.) मामाने स्वतःची म्हणून एकच गोष्ट घातली: बोर्डच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक पातळ दोर, खाली बंपरच्या हुकाला. पट्टे तुटले तरी बोर्ड गाडी सोडणार नाही. उरलेली टोकं त्याने सुरगाठीने बांधली आणि मला तीच गाठ सात-आठ वेळा सोडून बांधायला लावली.

मामाला गावी परत जायचंच होतं. मामी मागे राहणार होती. मी म्हटलं, मुल्कीपर्यंत माझ्यासोबत चल, तिथून कोकण रेल्वे आहेच. पहाटे साडेचारला निघालो. दहा किलोमीटरवर मामाने गाडी थांबवायला लावली. पुढचा पट्टा सैल झाला होता. पॅड दबतात, पट्टे ताण घेतात, पहिल्या काही किलोमीटरांत हे होतंच. पुन्हा ओढला. कुणिगलच्या पुढे टपावरून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला, मोठ्या मधमाशीसारखा. मी घाबरले. मामाने उतरून पट्ट्यांना एकेक पीळ दिला, आवाज बंद. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो, पिळलेला फडफडत नाही.

एका नाक्यावर पोलिसाने अडवलं. हे काय म्हणून त्याने वर बघितलं. मी मनातल्या मनात २०१९ च्या दुरुस्तीतला कायदा आठवत होते: माल ठरलेल्या मर्यादेबाहेर पुढे, मागे, बाजूला किंवा वर गेला तर वीस हजार दंड. बोर्ड गाडीच्या लांबीच्या आतच होता. पोलिसाने पट्टा ओढून बघितला, मामाकडे बघितलं आणि जा म्हणाला. गाडी मी चालवत होते, पण ते असो.

चन्नरायपट्टणनंतर मी सत्तरवर आले. पंचाण्णवच्या मानाने सत्तरला हा जोर जवळपास निम्मा होतो, हे आता पाठ आहे. मागचे लोक हॉर्न देत होते. मामाने काही विचारलं नाही. ती जागा नेमकी कुठली ते मला ओळखता आलं नाही. सगळे किलोमीटरचे दगड सारखेच. एका मोटरसायकलला मी ओव्हरटेकच केलं नाही, बराच वेळ तिच्या मागे राहिले.

सकलेशपूरला इडली खाल्ली. शिराडी घाटात वळणं, ट्रक आणि सतत ब्रेक. ब्रेक मारला की बोर्ड पुढे यायला बघतो, मग मागचा दोर ताणतो. मामा खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होता. मी म्हटलं, हात नको लावूस. "खुळा नाय मी," तो म्हणाला.

मुल्कीला भर दुपारी पोहोचलो. बोर्ड आधी उतरवून सावलीत ठेवला, कारण तापलेल्या टपावर ठेवला तर आतला फोम फुगून कवच सुटू शकतं. संध्याकाळी मी पाण्यात गेले तेव्हा मामा वाळूत बसून पट्टे गुंडाळत होता. मी तीन वेळा उभी राहिले आणि बाकी सगळ्या वेळा पडले. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मगे? ह्याच्यासाठी एवढां?" मी हो म्हटलं. रात्रीच्या गाडीने तो कणकवलीला गेला.

दुसऱ्या दिवशी परत निघताना बोर्ड मी एकटीने चढवला. पालथा, शेपूट पुढे, दोन पट्टे, दोन दोर, एकेक पीळ. दोन्ही बाजूंनी हलवून बघितला. बोर्डबरोबर अख्खी गाडी हलली. सुरतकलला, बारा-तेरा किलोमीटरवर, पेट्रोल पंपाच्या पुढे थांबले. पंपावरचा पोरगा विचारत होता, "मेडम, ये क्या, दरवाजा है?" मागच्या पट्ट्याखाली दोन बोटं जात होती. ओढला, पुन्हा बोट घालून बघितलं, आणि निघाले.