मीरतची छावणी आणि ठासणीची बंदूक

उत्तर हिंदुस्थानच्या यात्रेस निघालेली आपली मंडळी काशी, प्रयाग, मथुरा, हरिद्वार ही स्थळे करितात आणि दिल्ली-आग्र्याचे किल्लेही पाहून येतात. परंतु दिल्लीपासून अवघ्या सत्तर किलोमीटरांवर असलेल्या मीरत अथवा मेरठ या शहरी वाट वाकडी करून जाणारे विरळाच. वस्तुतः स्थान मोठे पुरातन आहे. कौरव-पांडवांचे हस्तिनापूर याच जिल्ह्यात मोडते. खुद्द मीरत ही मयासुराची नगरी व मंदोदरीचे माहेर, असे तेथील लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. बाजारात कात्र्यांची दुकाने आहेत. थंडीच्या दिवसांत गजक व रेवडी यांचा सुवास रस्त्यावर दरवळत असतो. आमच्या जाण्याचे प्रयोजन मात्र यांपैकी कोणतेच नव्हते. 1857 सालचा वणवा जेथे पेटला ती छावणी डोळ्यांनी पाहावी व बरोबरच्या दोन्ही नातवंडांस दाखवावी, एवढाच हेतू होता.

या भूमीशी आपला संबंध त्याही आधीचा आहे. गंगा-यमुनांमधील हा दुआब दौलतराव शिंद्यांच्या अमलाखाली होता. 1803 च्या डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि तो इंग्रजांकडे गेला. त्यानंतर येथे मोठी लष्करी छावणी वसली. ती आजही लष्कराच्याच ताब्यात आहे. रुंद, सरळ, सावलीचे रस्ते व दोन्ही बाजूंस जुन्या वळणाचे बंगले पाहिले, म्हणजे शहराच्या गजबजाटातून आपण एकाएकी दुसऱ्याच गावी आलो की काय, असा भास होतो.

छावणीतच औघडनाथाचे शिवालय आहे. लोक त्यास ‘काली पलटनचे मंदिर’ म्हणतात. देशी शिपायांच्या पलटणीस गोरे लोक काळी पलटण म्हणत, त्यावरून हे नाव पडले. शिपाई येथे दर्शनास व विहिरीचे पाणी पिण्यास येत. चरबीची काडतुसे दातांनी तोडणाऱ्यांस पाणी देण्याचे येथील पुजाऱ्याने नाकारले, अशी आख्यायिका तेथे ऐकावयास मिळते. आज देवालय पांढऱ्याशुभ्र संगमरवरी रूपात उभे असून आवारात हुतात्म्यांचे स्मारकही आहे. दर्शन घेऊन आम्ही पायरीवर टेकलो, तोच धाकट्या नातवाने विचारले, “आजोबा, बंदुकीची गोळी दातांनी कशाला तोडायची? आणि तिला चरबी तरी कशाला लावायची?”

प्रश्न मार्मिक होता. शाळेत आपण ‘चरबी लावलेली काडतुसे’ हे कारण मुलांकडून पाठ करून घेतो. पण ती चरबी लागते कशास, हे सहसा कोणी सांगत नाही. आमच्या कोकणात वानर व रानडुकरे यांपासून पिके राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी असतात. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांची बंदूक आम्ही लहानपणापासून पाहिलेली असल्यामुळे तिच्याच आधारे त्यास समजावून दिले.

ठासणीच्या बंदुकीस मागून दार नसते. जे काही घालावयाचे, ते नळीच्या तोंडातूनच. प्रथम मापाने दारू ओतावयाची, तीवर काथ्याचा बोळा घालून गजाने ठासावयाचा, मग छरे, पुन्हा बोळा, आणि शेवटी घोड्याखालच्या काण्यावर टोपी बसवावयाची. शोरा, गंधक व कोळसा यांची ही काळी दारू जळते तेव्हा सगळीच धूर होऊन जात नाही. निम्म्याहून अधिक भाग क्षाररूप काजळी होऊन मागे राहतो व त्यातील पुष्कळसा नळीस आतून चिकटतो. ही काजळी वाळली म्हणजे दगडासारखी कठीण होते, आणि दमट हवेत पाणी शोषून लोखंड खाते. म्हणून ते गृहस्थ बार काढल्या दिवशीच नळीत कढत पाणी ओतून, गजास चिंधी गुंडाळून ती स्वच्छ पुसत व कोरडी झाल्यावर आतबाहेर खोबरेल तेलाचा हात फिरवीत. आधी पाणी आणि मग तेल, हा क्रम ते कधी चुकवीत नसत. क्षार पाण्यातच विरघळतो, तेलात नव्हे. तो तसाच राहू देऊन वरून तेल चोपडले तर गंज आत वाढतच जातो.

जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळी किंचित सैल असे. त्यामुळे ती ठासणे सोपे. पण शंभर-दीडशे पावलांपलीकडे नेम लागण्याचा भरवसा नसे. 1853 साली इंग्रजांनी एनफील्डची नवी बंदूक काढली. तिच्या 0.577 इंच व्यासाच्या नळीत तीन पन्हळी पिळाप्रमाणे कोरलेल्या होत्या. गोळी त्या पिळाने फिरत जाई व पल्ला कित्येक पटींनी वाढे. परंतु पन्हळींत काजळी साचली की पुढची गोळी उतरता उतरत नसे. यावर उपाय म्हणून गोळीभोवतीच्या कागदास स्नेहद्रव्य लावीत, म्हणजे काजळी मऊ राही व गोळी सहज सरके. दारू आणि गोळी एकाच कागदी पुडीत असत, तेच काडतूस. एका हाती बंदूक असल्यामुळे पुडीचे टोक दातांनी फाडून दारू आत ओतावी आणि मग चरबीच्या कागदासकट गोळी ठासावी, अशी कवायत होती.

“म्हणजे चरबी तोंडात जायची?” थोरल्या नातीने विचारले.

“हो बाळ, तिचा ओठांस स्पर्श तर व्हायचाच. आणि ती कोणत्या जनावराची, याची खातरजमा करण्याची तजवीजच नव्हती.”

खरा दोष येथेच होता. ही काडतुसे हिंदुस्थानच्या हवेत टिकतात की नाही हे पाहण्यासाठी 1853 मध्येच येथे पाठविली होती. त्याच वर्षी कर्नल टकर या अधिकाऱ्याने वरिष्ठांस लिहून कळविले होते की, लावलेली चरबी देशी शिपायांच्या धर्मास बाधक नाही अशी खात्री झाल्यावाचून ती त्यांच्या हाती देऊ नये. ते पत्र दप्तरातच राहिले. 1857 च्या जानेवारीत कलकत्त्याजवळील डमडम येथे गाय व डुकराच्या चरबीची वार्ता फुटली. तेव्हा महिनाअखेर सरकारने शिपायांस आपल्या पसंतीचे तेल-मेण स्वतः लावण्याची मुभा दिली, आणि पुढे दातांऐवजी हाताने पुडी फाडण्याचीही. पण तोवर मने विटली होती. आता काडतुसाच्या कागदाच्या चकाकीचाही संशय येऊ लागला.

मीरतेस 24 एप्रिल रोजी तिसऱ्या घोडदळ पलटणीच्या नव्वद स्वारांस कवायतीस बोलाविले. त्यांस द्यावयाची काडतुसे जुन्याच धर्तीची होती व ती हातानेच फाडावयाची होती. तरीही पंच्याऐंशी जणांनी ती घेण्याचे नाकारले. त्यांत हिंदू होते, तसेच मुसलमानही होते. लष्करी न्यायालयाने त्यांस दहा वर्षे सक्तमजुरी फर्माविली. काही तरुणांची ती पुढे निम्मी केली. 9 मे रोजी भर कवायतीच्या मैदानावर, सोबत्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी सायंकाळी, सोबत्यांनी तुरुंग फोडून त्यांस सोडविले, आणि सोमवारी सकाळी स्वार दिल्लीच्या दारात उभे राहिले. त्या रात्री मीरतेत बायका-मुलांचीही हत्या झाली, हे आम्ही नातवंडांपासून लपविले नाही. सेंट जॉन गिर्जाघराच्या जुन्या स्मशानभूमीत त्यांतील काहींच्या कबरी आहेत. त्याही पाहाव्यात.

“एवढ्याशा चरबीसाठी एवढे मोठे युद्ध?” धाकट्याने पुन्हा विचारले. आम्ही त्यास सांगितले की केवळ तेवढ्यासाठी नव्हे. खालसा झालेली राज्ये, अयोध्येच्या नबाबाचे पदच्युत होणे, भत्त्यांची व बढतीची गाऱ्हाणी, ही काजळी वर्षानुवर्षे साचत आली होती. संस्कृतात ‘स्नेह’ शब्दाचे दोन अर्थ आहेत, तेल आणि ममता. बंदुकीत पहिला लागतो, शिपायाशी वागताना दुसरा. तो दुसरा आधीच आटला होता. म्हणून पहिल्याविषयीचे सरकारचे खरे बोलणेही कोणास खरे वाटेना.

आपल्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच वर्षी द्रव्यार्जनासाठी उत्तरेस निघाले असता त्यांसही महूच्या सुमारास शिपायांकडून काडतुसांची हीच हकीकत समजली. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली प्रसिद्ध झाला. ज्या घरी तो असेल, तेथील मुलांनी मीरतेस जाण्यापूर्वी अवश्य वाचावा. आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. उन्हाळ्यात चरबी वितळून कागदात मुरते असा अनुभव आल्यावर पुढे इंग्रजांनी स्वतःच काडतुसांतील चरबी कमी करून मधमाश्यांच्या मेणाचे प्रमाण वाढविले. 1866 मध्ये मागून भरावयाची स्नायडर बंदूक त्यांनी स्वीकारली, आणि दातांनी पुडी फाडण्याचा प्रश्नच उरला नाही.

मीरतेस जाणाऱ्यांनी थंडीचे दिवस निवडावेत. सकाळी औघडनाथाचे दर्शन व छावणीचा फेरफटका करून दुपारी दिल्ली रस्त्यावरील शहीद स्मारक व तेथील स्वातंत्र्यसंग्रामाचे संग्रहालय पाहावे; हुतात्म्यांची चित्रे मुलांस तेथे नीट समजावून द्यावीत. हाती आणखी एक दिवस असेल तर हस्तिनापूरही होते. बरोबर मुले असतील तर त्यांच्या प्रश्नांस पुरेसा वेळ राखून ठेवावा, एवढी आमची वाचकांस विनंती आहे.