एल्मची ओळख

आज सेंट्रल पार्कमधल्या ‘द मॉल’वर बराच वेळ रेंगाळले. दोन्ही बाजूंना अमेरिकन एल्म. खोड थोडं वर जाऊन फाटतं, फांद्या कमान धरतात. लांबूनही झाड कळतं. पण माझा खरा भरवसा पानावर. देठाशी पानाच्या दोन बाजू सारख्या नसतात, एक जरा खाली उतरलेली. कडेला दाते, त्या दात्यांनाही बारीक दाते. सायबेरियन एल्मचं पान लहान, तळाशी जवळजवळ समसमान. चिनी एल्म तर फुलतोच उन्हाळा सरता सरता.

आपला वावळा याच कुळातला, याचा मला फार आनंद होतो! त्याच्याही बिया चपट्या, पंखवाल्या. पानाला मात्र दाते नाहीत आणि चुरगळलं की उग्र वास.

१९३० च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या बुरशीने लाखो एल्म मारले. सालीत राहणारे भुंगेरे ती पसरवतात. भर उन्हाळ्यात एखादीच फांदी पिवळी पडली, तर ती तातडीने कापावी लागते. म्हणून पान पाहून झालं की मी शेंड्याकडेही नीट बघते. आज सगळं हिरवं होतं.