धारूरच्या किल्ल्यात सामुराई

धारूरला जायचं तर आधी घाट चढावा लागतो. बीडहून वडवणी, तेलगाव करत एसटी निघते, आणि तेलगाव मागे पडलं की रस्ता बालाघाटाच्या डोंगरात शिरतो. वळणावर वळण! खिडकीशी बसलेल्यांची चंगळ, आणि ज्यांना गाडी लागते त्यांचे हाल. घाटाच्या दोन्ही अंगांना सीताफळीची झाडं. कुणी लावलेली नाहीत, आपली आपण उगवलेली. घाट संपला की गाव येतं, आणि गावाला लागूनच किल्ला.

आता तुम्ही म्हणाल, किल्ला म्हणजे डोंगराच्या टोकावर, दम लागेपर्यंत चढायचं, वर झेंडा. धारूरचं तसं नाही बरं का. गावातून चालत चालत तुम्ही थेट किल्ल्याशी पोहोचता. चढ नाहीच. मग हा किल्ला शत्रूला अवघड कसा? त्याची गंमत आत गेल्यावर कळते. तिन्ही बाजूंना खोल दरी आहे, अगदी तुटलेली. चौथी, गावाकडची बाजू तेवढी सपाट. तिथं माणसांनी खंदक खणला आणि तटबंदी उभी केली. निसर्गाने तीन भिंती दिल्या, चौथी माणसांनी बांधली. आत पाण्याची तळी आहेत. खारी दिंडी आणि गोडी दिंडी अशी नावं तिथं ऐकायला मिळतात. कुठलं पाणी प्यायचं, हे नावच सांगतं!

फार पूर्वी, राष्ट्रकूटांच्या काळात, या जागेला महादुर्ग म्हणत. आज आपण पाहतो तो किल्ला विजापूरच्या आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमाराला बांधला. अहमदनगरच्या निजामशाहीच्या अगदी नाकासमोर! मग काय, ठिणगी पडायला कितीसा वेळ?

फिरिश्ता नावाचा एक इतिहासकार होता. लहानपणी तो अहमदनगरला आला आणि मोठेपणी विजापूरच्या दरबारात गेला. म्हणजे भांडणाऱ्या दोन्ही घरांचं मीठ खाल्लेला. त्याने लिहून ठेवलंय ते असं. तरुण मुर्तजा निजामशहा फौज घेऊन धारूरवर चालून आला. किल्ल्यातून किश्वरखानाने त्याला एक पत्र पाठवलं, आणि पत्रात होता अपमान. निजामशहा इतका भडकला, की घोड्यावर चढला आणि म्हणाला, किल्ला घेतल्याशिवाय रिकिबीतून पाय काढणार नाही! सरळ तटाकडे निघाला. वरून मारा चाललेला. आणि एकदम मारा थांबला. सगळं शांत. निजामशहाची माणसं आत शिरली तर किल्ल्यातले लोक पळालेले, आणि किश्वरखान मरून पडलेला. एक बाण त्याला लागला होता.

बस्स, एक बाण! एवढा मोठा खंदक, एवढे बुरूज, आणि गोष्ट संपली एका बाणाने.

हे वाचल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं? मला विचाराल तर अगदी जपानी कार्टून आलं. ज्याला ते लोक ॲनिमे म्हणतात ते. बाण सुटतो. हवेत थांबतो! मागचं आभाळ लाल होतं. निजामशहाचा एक डोळा आख्खा पडदा भरून दिसतो, घोड्याची आयाळ तेवढी हलते. मग खानाचा चेहरा, मग पुन्हा बाण.

असं थांबणं ॲनिमेत का असतं, माहीत आहे? यात मोठी गंमत आहे. सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी पळतात. म्हणजे मिनिटाला १४४०. प्रत्येक चौकटीसाठी वेगळं चित्र काढायचं म्हटलं तर चित्रकारांचे हात गळून पडतील! १९६३ साली ओसामू तेझुका या जपानी चित्रकाराने दर आठवड्याला टीव्हीवर ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ दाखवायला सुरुवात केली, तेव्हा वेळही कमी आणि पैसाही कमी. मग एकच चित्र तीन तीन चौकटींना वापरायचं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं लागतात. चेहरा तसाच ठेवायचा आणि नुसते ओठ हलवायचे. माणूस स्थिर, मागचं आभाळ तेवढं सरकवायचं. काटकसर होती ती! पण हळूहळू त्या काटकसरीचीच एक शैली झाली, आणि आज जगभरची मुलं त्या थांबलेल्या क्षणावर जीव टाकतात.

पण खरा घोडा थांबत नाही. खरा नट हवेत लटकून राहत नाही. मग ॲनिमेतल्या सामुराईची गोष्ट खऱ्या माणसांना घेऊन करायची, तर कशी?

जपानमध्ये हे करून पाहिलंय. ‘रुरौनी केनशिन’ ही चित्रकथा तिथल्या एका साप्ताहिकात १९९४ पासून येत होती, १९९६ मध्ये तिचं टीव्हीवर ॲनिमे झालं. गोष्ट साधारण १८७८ सालची आहे. सामुराईंचे दिवस संपलेत. रस्त्याने तलवार घेऊन हिंडायला १८७६ मध्येच सरकारने बंदी घातलीय. केनशिन हा एके काळचा भयंकर मारेकरी. आता त्याने शपथ घेतलीय, की यापुढे कुणाचा जीव घ्यायचा नाही. म्हणून त्याच्या तलवारीची धार उलट्या बाजूला! मारलं तर समोरच्याला बोथट बाजू लागते, धार स्वतःकडे राहते. काय कल्पना आहे, नाही?

२०१२ मध्ये दिग्दर्शक केइशी ओतोमो यांनी यावर सिनेमा केला. ते जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर ऐतिहासिक मालिका करून आलेले, म्हणजे जुने कपडे, जुनी घरं यांची त्यांना पक्की जाण. मारामाऱ्या बसवायला घेतलं केंजी तानिगाकी यांना, जे हाँगकाँगच्या सिनेमांतून शिकून आले होते. ॲनिमेतला केनशिन वाऱ्यासारखा पळतो, चारपाच माणसांइतका उंच उडतो आणि प्रत्येक डावाचं नाव ओरडून सांगतो. सिनेमात ओरडणं बरंचसं गेलं, कारण खरा माणूस तलवार मारताना नाव सांगत बसला तर आपल्याला हसू येईल! उड्या कमी झाल्या, पळणं मात्र ठेवलं. ताकेरू सातो हा नट खरोखरच तसा पळतो, वाकतो, घसरतो. लालभडक केसांचा रंग खाली आणला, कपडे मळवले. गालावरची फुलीसारखी जखमेची खूण मात्र तशीच, कारण तिच्यामागे आख्खी गोष्ट आहे. काय गाळायचं आणि काय राखायचं, यातच सगळं कसब. सिनेमा इतका चालला, की २०१४ मध्ये आणखी दोन आणि २०२१ मध्ये आणखी दोन आले. (मारामारी बरीच आहे हं त्यात. धाकट्यांनी आईबाबांना विचारूनच पाहावेत.)

तलवारींचं काय करतात, हे सांगायचंच राहिलं. जपानी ऐतिहासिक सिनेमात पुष्कळदा बांबूची पात करून तिला चंदेरी वर्ख लावतात. लांबून अगदी पोलादी दिसते!

आता उलटी बाजूही ऐका. युगो साको नावाचे जपानी दिग्दर्शक १९८३ मध्ये रामायणाशी संबंधित उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले आणि रामायणाच्या प्रेमातच पडले. त्यांनी सिनेमा करायचं ठरवलं, पण खऱ्या नटांना घेऊन नाही, चित्रांतून. त्यांचं म्हणणं असं, की राम हा देव, तेव्हा एखाद्या नटापेक्षा चित्रातच तो शोभेल. मुंबईचे राम मोहन त्यांच्याबरोबर दिग्दर्शक होते. १९९२ मध्ये तो सिनेमा तयार झाला. आणि तुमच्या आईबाबांना विचारा, १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी मोगली पाहायला ते कसे धावत. ते ‘जंगल बुक’ही जपानमध्येच काढलेलं, आणि हिंदीत शेरखानाला आवाज होता आपल्या नाना पाटेकरांचा.

तर, धारूरची गोष्ट चित्रात करावी की खऱ्या किल्ल्यात? माझं मत विचाराल तर किल्ल्यात. कारण तीन बाजूंची ती दरी कागदावर कितीही काढली तरी पोटात गोळा येत नाही. काठावर उभं राहिलं की येतो. पण मग एक भीती वाटते. इथले बुरूज आधीच खिळखिळे झालेत, तटाचे चिरे सुटलेत, कुठं झाडांची मुळं शिरलीत. त्यावर शंभर माणसं चढवा, दिवे टांगा, घोडे पळवा, उरलंसुरलं खाली येईल. अकिरा कुरोसावा या थोर दिग्दर्शकांना १९८५ च्या ‘रान’ सिनेमात जळणारा किल्ला दाखवायचा होता. हिमेजीसारख्या खऱ्या किल्ल्यात त्यांनी चित्रण केलं, पण जाळायचा किल्ला फुजी पर्वताच्या उतारावर मुद्दाम नवा बांधला, आणि मगच पेटवला! आपल्याकडेही कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी कर्जतला तटबुरुजांचे सेट उभारले आणि २००८ ची शिवाजी महाराजांवरची मालिका तिथं झाली. तसंच धारूरचं करता येईल. दरी खरी, शांतता खरी, आणि बाण लागतो तो बुरूज प्लायवुडचा.

आणखी एक योगायोग. किश्वरखान इथं दगडावर दगड रचत होता, त्याच १५६७ साली तिकडे जपानात ओडा नोबुनागा या सरदाराने इनाबायामाचा किल्ला जिंकला आणि त्याचं नाव बदलून गिफू ठेवलं. धारूरही पुढे, १६३१ मध्ये, शहाजहानच्या मोगल फौजेने घेतलं आणि त्याचं नाव झालं फतेहाबाद, म्हणजे विजयाचं गाव. जिंकलेल्या किल्ल्याला नवं नाव द्यायची हौस दोन्हीकडे सारखीच! गिफू हे नाव मात्र आजही चालतं. आपलं फतेहाबाद पुस्तकात राहिलं, आणि एसटीच्या पाटीवर धारूरच.

जाणार असाल तर दिवाळीच्या आगेमागे जा. पावसाचं गवत तेव्हा वाळायला लागलेलं असतं, पण पायाखाली बघून चाला, गवतात दगड आणि साप दोन्ही लपतात. पाण्याची बाटली घ्या. दरीच्या काठाला बसून फोटो काढायचा मोह आवरा, तिथं कठडा नाही. वहीपेन्सिल मात्र न्या. बुरुजासमोर बसून निजामशहाचा घोडा काढून बघा, आठ चौकटींत. बाण कुठल्या चौकटीत दाखवायचा ते तुम्हीच ठरवा. उतरताना घाटात सीताफळं विकायला बसलेली असतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांमध्ये पिवळसर फट पडलेलं फळ निवडा, आणि बिया खिडकीबाहेर थुंकू नका, मागच्या सीटवर कुणीतरी बसलेलं असतं.