टरेनिंगला जातो म्हणून सांगा

आमच्याकडे बाईला घराबाहेर पडायला कारण लागतं. माहेर, दवाखाना, लग्न, मयत आणि फार तर अचलपूरला शाह दुल्हा रहमान गाजींचा उरूस. माझ्या अम्मीच्या काळी ही यादी होती, आज माझ्या विद्यार्थिनींच्या आयांचीही जवळजवळ हीच आहे. बचत गट आले तेव्हा या यादीत एक नवं कारण घुसलं. ते इतकं सरकारी होतं की घरातल्या कुठल्या पुरुषाला त्यावर हरकत घेता येईना. ते कारण म्हणजे प्रशिक्षण. आमच्या बायकांच्या तोंडी ‘टरेनिंग’.

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. गावात गट आहेत, त्यातले दोन मुस्लिम बायकांचे. सगळ्या गटांचा मिळून एक ग्रामसंघ. ‘उमेद’ अभियान राज्यात २०११ साली सुरू झालं, त्याआधीपासून ‘माविम’चं काम होतंच. ‘माविम’ म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, स्थापना १९७५. पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. सहलीचं सूत्र त्यात नाही. पण बायकांना विचारा, गटातलं काय आठवतं? व्याजाचा दर कोणी सांगत नाही. त्या सांगतात, अमरावतीला सायन्सस्कोर मैदानावर प्रदर्शनात शेवयांचा स्टॉल लावला होता, रात्री परतताना गाडीत गाणी म्हटली होती.

माझा या गटांशी संबंध रजिस्टरमुळे आला. आमच्या दोन्ही गटांतल्या बायकांना उर्दू वाचता येतं, रजिस्टर मराठीत. इतिवृत्त लिहायला कोणी नाही म्हणून शाळा सुटल्यावर मला बोलवायच्या. सहा महिने लिहिलं आणि मग म्हटलं, आता तुम्ही लिहा. सचिव असलेल्या खालांनी पहिलं वाक्य लिहिलं ते असं: ‘आज सब बाया हजर होत्या.’ मी लाल पेन हातात घेतला आणि परत ठेवला. वाक्यात काय चूक होतं? सगळ्या हजर होत्याच की.

आयर्लंडमधल्या खेड्यांत शंभर वर्षांपूर्वी असंच काहीसं सुरू झालं होतं. १९१० साली वेक्सफर्ड परगण्यात ब्री नावाच्या गावी शेतकऱ्यांच्या बायका एकत्र आल्या, आणि १९३५ पासून त्यांची संघटना ‘आयरिश कंट्रीवुमेन्स असोसिएशन’ म्हणून ओळखली जाते. महिन्याची बैठक, विणकाम, केक, नाटकं, सहली. वरून पाहणाऱ्याला वाटावं, बायकांचा टाइमपास. पण याच बायका गावात वीज यावी, घरात नळ यावा म्हणून पुढे लढल्या. शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांचा नळाला विरोध होता, कारण पाणी आलं की कर वाढेल. पाणी वाहून आणणारी बाई, आणि कराची चिंता करणारा पुरुष! हे वाचताना मला आयर्लंड दिसेना, आमचा खारपाणपट्टाच दिसला.

पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारट. चहा फाटतो, डाळ शिजत नाही, किडनीचे आजार घरोघरी. गोडं पाणी येतं ते शहानूर धरणातून, तेही नळाला कधी येईल त्याचा नेम नाही. २०२२ साली ग्रामसंघाचा पहिला दौरा निघाला तो याच धरणावर. नाव अर्थातच ‘अभ्यास दौरा’. एका सासऱ्यांनी मला शाळेच्या फाटकावर गाठून विचारलं, “मॅडम, टिरेनिंगच हय ना?” मी म्हटलं, “हां चाचा, पानी का टिरेनिंग हय.” खोटं काहीच नव्हतं. अंजनगावच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी एवढं पाणी पाहून बायका गप्प झाल्या. मग एक काकू म्हणाल्या, “एवढं पानी हाय त मंग आपल्याले काहून नाई येत वो?” पुढच्या ग्रामसभेत हा प्रश्न त्यांनी उभं राहून विचारला. उत्तर अर्धवटच मिळालं. पण पाणी कोणत्या दिवशी सोडणार हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला सुरुवात झाली, आणि दिवस चुकला की बायका आता फळ्याकडे बोट दाखवतात.

हे सगळं गोडीगुलाबीनं झालं असं समजू नका. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात दंगल झाली, संचारबंदी लागली. आमच्या गावात काहीच घडलं नाही, तरी दोन्हीकडच्या माणसांची नजर बदलली. जानेवारीत ग्रामसंघाचं हळदी-कुंकू होतं. दरवर्षी आमच्या बायका जातात, कुंकवाऐवजी अत्तर लावून घेतात, तिळगूळ आणि वाण घेऊन येतात. त्या वर्षी इकडून निरोप, ‘जाऊ नका’. तिकडून कुजबुज, ‘बोलवायचं कायले?’ शेवटी मार्ग काढला तो हिशोबानं. ग्रामसंघाच्या निधीतून घेतलेल्या कर्जाचे हप्ते त्याच दिवशी भरायचे होते आणि हजेरीशिवाय भरता येत नव्हते. सगळ्या आल्या. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे होते. अध्यक्षताईंनी कार्यक्रमाचं नावच बदलून ‘तिळगूळ मेळावा’ केलं, आणि त्यामुळे ज्या विधवांना एरवी कोणी बोलवत नाही त्याही पहिल्यांदा पुढच्या ओळीत बसल्या. ठरवून केलं नव्हतं. पण झालं ते चांगलं झालं.

मग १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. या एका निर्णयानं बायकांच्या फिरण्यावर जितका परिणाम केला तितका दहा भाषणांनी केला नसता. अर्धं तिकीट म्हणजे स्वतःच्या शेवयांच्या पैशात जाऊन येता येतं, कोणाकडे हात पसरावा लागत नाही. २०२४ च्या जानेवारीत चिखलदरा ठरलं, आणि या वेळी रजिस्टरमध्ये स्वच्छ लिहिलं: सहल.

डब्यावरून आधी चर्चा झाली. आमच्या बायकांनी आपणहून ठरवलं, गोश्त न्यायचं नाही, उगाच कोणाला बोलायला जागा नको. मला ते आवडलं नव्हतं. आपल्या ताटाबद्दल इतकं जपून राहावं लागणं चांगलं नाही. पण निर्णय त्यांचा होता. परतवाड्याला गाडी बदलताना डबे उघडले, भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. एक ताई निराश होऊन म्हणाल्या, “माय वं! मी त तुमच्या बिर्यानीच्या आशेनं आली ना!”

चिखलदरा ११०० मीटरहून उंच. थंडी अशी की दर्यापूरच्या उन्हात वाढलेल्या बायका शालीत शिरून हसत होत्या. देवी पॉइंटला हिंदू बायका दर्शनाला गेल्या तेव्हा पर्सा आमच्याकडे. झोहरची वेळ झाली तेव्हा त्याच बायकांनी दोन्ही बाजूंनी चादर धरून आडोसा केला. एकीनं चादर धरल्या-धरल्या हळूच विचारलं, “एवढ्या लवकर झाली?” प्रवासात नमाज कमी असते हे सांगितल्यावर म्हणाली, “आमच्या आरत्याले बी असं काही पायजे होतं.”

गाविलगडावर मी शिक्षिका झालेच. बहमनींचा किल्ला, आतली जुनी मशीद, १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी घेतला तो दिवस, आणि घेणारा आर्थर वेलस्ली, जन्म डब्लिनचा. पुन्हा आयर्लंड! हे फक्त मलाच मजेशीर वाटलं. बायका खाली दरीकडे पाहत होत्या. आमच्या सचिव खाला कडेपासून चार हात लांब दगडावर बसून होत्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुपारी स्वयंपाक केला नाही, असं त्या म्हणाल्या, आणि घरी आत्ता कोण काय खात असेल याचा अंदाज बांधू लागल्या. थोड्या वेळानं तोही सोडून दिला.

पुढची सहल अजून ठरलेली नाही. अर्ध्या जणी शेगाव म्हणतात. आमच्या बायका बाळापूर म्हणतात, तिथे किल्ला आहे, मिर्झाराजे जयसिंहांची छत्री आहे. अकोल्याहून एकाच दिवसात दोन्ही होतं का, हे पाहण्यासाठी कोषाध्यक्षताईंनी एसटीचं वेळापत्रक वहीत उतरवून आणलंय. पहाटेची पहिली गाडी चुकली तर मात्र दोन्हींतलं एक सोडावं लागेल, आणि कोणतं यावर गेल्या बैठकीत पाऊण तास गेला.